उणे एकशे बासष्ट

झिरो माइलच्या खांबावर
कवठ्याचं अंतर कोरलंय, हैदराबादचं, चांद्याचं, जबलपूरचं.
समुद्राचं नाही.
शेजारी चार घोडे पाय उचलून उभे,
कधीचे निघालेत.

माझी धाकटी बहीण प्रणोती
तसल्याच एका जहाजावर नोकरीला आहे.
जहाज म्हणायचं, पण जात कुठे नाही.
कोकणाच्या किनाऱ्यापासून जरा आत
दोरांनी जखडलेलं.
दुसरी जहाजं येतात, त्याच्या कुशीला लागतात,
आपल्या पोटातली थंडी त्याच्या पोटात ओततात
आणि हलकी होऊन निघून जातात.

"म्हंजे डेअरीच होय ना," आई म्हणाली,
"लोकं दूध घालाले येते."
"हाव," प्रणोती म्हणाली, "फक्त दूध उणे एकशे बासष्ट."
आईने फोनकडे असं पाहिलं
जसं उतू जाणाऱ्या पातेल्याकडे पाहतात.

तिच्याकडे समुद्राचं पाणी त्या द्रवाला ऊब देतं,
त्याचा वायू होतो, नळात शिरतो, गावोगाव जातो.
थोडं मात्र तसंच, द्रवच,
रामसुमेरच्या टँकरमध्ये बसून
नऊशे किलोमीटर येतं
बुटीबोरीला, माझ्या फाटकापाशी.

इथे समुद्र कुठला?
इथे ऊब द्यायला मे महिना आहे.
ॲल्युमिनियमचे पंखवाले उंच नळ उन्हात उभे,
त्यांतून ते चढतं, नुसत्या हवेने सुटं होतं,
आणि सेहेचाळीस डिग्रीत
नळांवर बर्फ धरतो, मनगटाएवढा.
गजभिये त्याला पाण्याची बाटली टेकवून ठेवतो.
नियमात बसत नाही.
मी गेजकडे बघत राहतो.

एकदा रात्रपाळीत तिने सांगितलं होतं:
दादा, टाकीतलं थोडं सतत उकळत असते,
म्हणून तर बाकीचं गार राह्यते.
मी म्हटलं, आपल्या घरात ते काम तुझ्याकडे होतं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मागे इंजिन की वारा, कळत नव्हतं.

मग ते वादळ.
मेच्या शेवटल्या आठवड्यात, तिकडे.
इकडे आभाळ नुसतं पांढरं, पान हलत नाही.
पावणेबाराला तिचा मेसेज:
दोर सोडून राह्यलो. खोल समुद्रात जातो.
किनाऱ्याला बांधलेलं जहाज वादळात धोक्याचं असतं म्हणे.
आईला मी हे उलटं सांगितलं.

पहिल्या दिवशी टँकर नाही.
दुसऱ्या दिवशी बर्फ ठिबकायला लागला,
ओट्यावर पाणी, त्यावर चिमण्या.
तिसऱ्या दिवशी नळ कोरडे,
हात लावला तर चटका.
मी चार वर्षांत त्यांना उघडं पाहिलं नव्हतं.
गजभियेची बाटली तिथेच, पाणी चहाएवढं.
टाकीचा काटा खाली, मी दर तासाला वहीत लिहितो,
शाईच्या पेनाने, नीट,
आकडा चांगल्या अक्षरात लिहिला तर
तिकडे कोणाला बरं वाटेल, असं काहीतरी.

घरी आईने स्वयंपाक चालूच ठेवला.
गॅसला स्वतःचा वास नसतो,
तो नंतर आपण घालतो, गळती कळावी म्हणून.
हे तिला सांगितलं तेव्हा म्हणाली,
"माणसाले बी घालाले पाह्यजे होता."

पाचव्या दिवशी दुपारी रामसुमेर आला,
काचेवर किडे, डोळे लाल.
होज जोडला, झडप अर्धा फेरा उघडली.
खालून, अगदी खालून,
नळांना पांढरं चढायला लागलं,
टाचेपासून मेंदी चढावी तसं.
खिशात फोन थरथरला. एकच शब्द:
बांधलं.

मी आईला फोन केला.
"पोचली ती."
"कुठं?"
"होती तिथंच."
आई थांबली. मागे कुकरची शिट्टी झाली.
"मंग आली म्हण ना बाप्पा," ती म्हणाली,
"पोचली काहून म्हणतं?"